आईच्या हातचा बिगोस

ओल्शांका,
१४ ऑक्टोबर १९६३

वन्सं लेओकाद्या यांस,

येशूचं स्तवन असो. आम्ही इकडे आहोत तसे आहोत, तुम्ही आणि झेनोन भावोजी तिकडे श्चेचिनला सुखात असाल.

अक्षर माझं असलं तरी सांगणं आईंचं आहे, नेहमीसारखंच. आई आतल्या खोलीत खाटेवर आहेत आणि मी स्वयंपाकघरात टेबलाशी. त्या तिथून ओरडून सांगतात, मी इथे लिहिते. मध्येच विचारतात, "लिहिलंस का मी म्हटलं तसंच?" मी म्हणते, लिहिलं.

आईंच्या पायांना सूज आहे. पाठीशी तीन उशा लावल्या तरच श्वास पुरतो. बाकी तोंड ठणठणीत आहे, हे त्यांनीच लिहायला सांगितलंय.

मुख्य गोष्ट अशी. कोबीचे ऐंशी गड्डे ओसरीत रचून ठेवलेत. शनिवारी सव्वीस तारखेला शेजारच्या बायका चिरायला येतील. चिरतील त्या, पण मुरायला घालताना पिंपात उतरून तुडवणार कोण? दरवर्षी आई स्वतः उतरत. आता आईंचे पाय बादलीत मावत नाहीत, पिंपात काय मावणार. त्या तुमचंच नाव घेतात, म्हणतात, "लोजाला बोलाव. माझ्यानंतर या घरात कोबीला पाय लावायचे ते तिनेच. दुसरं कोणी उतरलं तर मी उठून पिंप उलटं करीन." मला तर पिंपाजवळ उभंही करत नाहीत, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा सव्वीसच्या आत या.

खाली आईंची फुली आहे. कागद त्यांच्या मांडीवर धरला तेव्हा मारली.

×

ता. क. हे आईंना वाचून न दाखवता लिहितेय. डॉक्टर येऊन गेले. छातीत पाणी झालंय, नाताळ बघतील की नाही ते सांगता येत नाही म्हणाले. कोबीचं निमित्त आहे हो. त्यांना तुम्हाला बघायचंय. दिवसातून चार वेळा गाडीचं वेळापत्रक विचारतात. या, वन्सं.

स्तेफानिया


श्चेचिन,
२० ऑक्टोबर १९६३

प्रिय स्तेफा,

तुझं पत्र वाचून आधी दचकले, मग हसले. अगं, आई दर ऑक्टोबरात मरायला टेकते! तू इतकी वर्षं सून आहेस, अजून तुला कळलं नाही? कोबी आला की तिला खोकला येतो, म्हणजे मग सगळे तिच्याभोवती नाचतात. आणि डॉक्टरांचं काय, त्यांनी बाबांना पण "फार तर एक महिना" सांगितलं होतं, बाबा पुढे चार वर्षं व्होदका पीत बसले.

येणं शक्यच नाही. ऐक का ते. झेनोनच्या बंदराच्या ऑफिसात विभागप्रमुखाची जागा रिकामी झालीय. नऊ डिसेंबरला माझा नामदिवस आहे, माझ्या नावाच्या संतिणीचा, त्या दिवशी त्यांचे डायरेक्टर आणि त्यांची बायको आमच्याकडे जेवायला येणार आहेत. डायरेक्टर आपल्याच भागातले निघाले! मागे एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "इथे समुद्राकाठी मासे मिळतात, पण मुरवलेल्या कोबीचा, मांस घातलेला बिगोस खावा तो आमच्याकडचाच. इथल्या बायकांना कोबी शिजवता येतो, मुरवता येत नाही." मी तिथल्या तिथे म्हटलं, "माझ्या आईच्या हातचा खाऊन बघा, मग बोला." झेनोनने टेबलाखालून माझा पाय दाबला, पण शब्द गेला तो गेला. आता घराला रंग काढलाय, पडदे शिवायला टाकलेत, मी निघू कशी?

तेव्हा आईला म्हणावं, सहा मोठ्या बरण्या बिगोस हवा. तिच्या हातचा. गाडीच्या गार्डाबरोबर पाठव, मागच्या वर्षीसारखा.

कोबी वात्सेकला तुडवू दे. माझ्या भावाचे पाय म्हणजे रणगाडे, चांगला दाबला जाईल. तू मात्र लांब राहा हं!

आता इतकी वर्षं झाली, तर तुला एक गंमत सांगूनच टाकते. पंचेचाळीस साली तू नवी नवरी होतीस आणि आईने तुला पिंपात उतरवलं होतं, आठवतं? आणि तो सगळा कोबी सडून नुसती घाण सुटली? तो तुझ्या पायांनी नव्हता सडला गं. तिसऱ्या दिवशी वरचा दगड मीच काढला. आजोबांनी नदीतून आणलेला तो करडा, गुलाबी रेघेचा. त्याच्या जागी कापडाखाली एक लाकडाचा ठोकळा ठेवला. लाकडाने काय दाबला जाणार, कोबी पाण्यावर आला आणि नासला. दगड कोठारामागे काटेरी झुडपात फेकला. तिथेच असेल अजून. मला राग आला होता. माझ्या जागी तुला का उतरवलं म्हणून! एकोणीस वर्षांची होते, अक्कल कुठे होती.

आईला वाचून दाखव. हसून हसून तिचा खोकला पळेल.

तुझी,
लोजा


ओल्शांका,
२८ ऑक्टोबर १९६३

वन्सं,

पत्र मिळालं. तुम्ही म्हणालात तसं आईंना वाचून दाखवलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

दगडाच्या गोष्टीला आई खरंच हसल्या. इतक्या हसल्या की श्वास अडकला, मला पाठ चोळावी लागली, तस्त धरावं लागलं. मग म्हणाल्या, "वाटलंच होतं मला! लहानपणापासून अशीच पाजी माझी लोजा." पुन्हा हसल्या. मी तस्त घेऊन उभी होते. वाटलं, आता माझ्याकडे बघून काहीतरी म्हणतील. म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? पाणी दे."

तुमचं काही चुकलं नाही, पोरवयात होतं असं. अठरा वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातात. गावात मला अजून नासक्या पायांची म्हणतात, पण ते आता सवयीने, कोणाच्या मनात काही नसतं. पुढे मला मूल झालं नाही तेव्हा आई म्हणाल्या होत्या, जिच्या पायाखाली कोबी टिकत नाही तिच्या पोटात काय टिकणार. तेही त्या आता विसरल्या असतील.

मागच्या पत्राखाली मी जे लिहिलं होतं ते मनावर घेऊ नका. मी मुलखाची घाबरट. डॉक्टरांचं औषध लागू पडलंय, आई बऱ्या आहेत. तुम्ही धावपळ करू नका, घराचा रंग होऊ द्या.

कोबी शनिवारी चिरला, मीठ आणि शहाजिरं लावलं, तुडवूनही झाला. पाय तीन वेळा धुतलेले होते. आई आतून पावलांचा आवाज ऐकत होत्या. दगड तुम्ही सांगितलात तिथेच सापडला. घासला, उकळत्या पाण्याने धुतला, आता तोच पिंपावर आहे.

बिगोसची काळजी करू नका. वेळेवर पोचेल.

स्तेफानिया


श्चेचिन,
६ नोव्हेंबर १९६३

प्रिय स्तेफा,

बघ, मी म्हटलं होतं ना! तू उगाच माणसाचा जीव टांगणीला लावतेस. झेनोन म्हणतो, तुझ्या वहिनीला सरकारने भोंगा वाजवायच्या कामावर ठेवलं पाहिजे.

आईसाठी लोकरीचे मोजे पाठवतेय, लाल. इथे रांगेत दोन तास उभी राहून मिळवलेत. तिला म्हणावं, पाय झाकून ठेव, आणि जपून ठेवत बसू नकोस, घाल. तिची ती सवय! मी दिलेली चादर अजून पेटीत पडून असेल.

आता बिगोस. तू नीट ऐक आणि तिला पण आठवण कर, म्हातारपणी विसरायला होतं. डुकराचं मांस दोन प्रकारचं, खांद्याचं ताजं आणि बरगडीचं धुरी दिलेलं. सॉसेज शेवटी. अळंब्या वाळवलेल्याच, आपल्या जंगलातल्या. सुकवलेले आलुबुखार थोडेच, गोड मिट्ट करू नका. टोमॅटो अजिबात नको, ती शहरातली थेरं. आणि बिडाच्या पातेल्यातच, एकाच पातेल्यात, दुसरीकडे काही परतून घ्यायचं नाही. तीन दिवस. रोज शिजवायचा, रोज थंड होऊ द्यायचा.

चमचा आईच्याच हातात राहू दे. बसूनच ढवळू दे तिला. तू चुलीत लाकडं घाल. रागावू नकोस स्तेफा, पण हाताचा गुण असतो एकेकाच्या. तुझा हात शिवणात आहे, तो कोणी नाकारत नाही. पण आईचा हात पातेल्यात पडला की मला डोळे बांधूनसुद्धा कळेल, आणि नसला पडला तरी कळेल.

आणि या वेळी आईची फुली कशी नाही पत्राखाली? ती वेडीवाकडी फुली बघितल्याशिवाय मला घरून पत्र आलंसंच वाटत नाही. पुढच्या वेळी विसरू नकोस.

सगळ्या संतांच्या दिवशी बाबांच्या थडग्यावर माझ्या नावाची मेणबत्ती लावलीस ना?

लोजा

ता. क. दगडाचं मनाला लावून नाही ना घेतलंस? तू अशी सगळं पोटात ठेवतेस, कळत नाही माणसाला.


ओल्शांका,
२ डिसेंबर १९६३

वन्सं,

येशूचं स्तवन असो. गार्डाबरोबर सहा बरण्या पाठवल्यात. पेंढ्यात बांधल्यात, उघडताना जपून.

पत्राला उशीर झाला कारण मागच्या आठवड्यात घरात माणसंच माणसं होती. सगळा गाव येऊन गेला म्हणा ना. बिगोस त्यांच्यासाठीही करायचाच होता, म्हणून एकदमच मोठ्या पातेल्यात केला. तुम्ही सांगितलात अगदी तसा. टोमॅटो नाही. तीन दिवस चुलीवर. पाद्रीबाबांनी दोनदा मागून घेतला, आईंचं नाव घेऊन म्हणाले, "मार्सियान्नाबाईंच्या घरचा बिगोस म्हणजे बिगोस." तुमच्या बरण्या मी वाढायच्या आधीच बाजूला काढल्या होत्या.

चुलीत लाकडं मीच घातली.

आईंना आता खूप आराम आहे. खोकला थांबला. सूज कसली, दुखणं कसलं, काही तक्रार नाही. गाडीचं वेळापत्रकही विचारत नाहीत. तुमचे मोजे त्यांच्या पायांत आहेत. वात्सेक म्हणत होता, चांगले आहेत, ठेवून देऊ. मी म्हटलं, नको, वन्संनी घालायला सांगितलंय. मीच घातले माझ्या हाताने.

मेणबत्ती लावली. तिथे आता नियमाने जाणं होतं.

तुमच्या नामदिवसाला आशीर्वाद. खाली फुली आहे.

×

स्तेफानिया


श्चेचिन,
११ डिसेंबर १९६३

स्तेफा! आई! वात्सेक!

सगळ्यांना एकदमच लिहितेय, कारण बातमीच तशी आहे. झेनोनला जागा मिळाली! कागद अजून यायचाय, पण डायरेक्टरांनी निघताना त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ज्याच्या सासूच्या हाताला अशी चव, त्याला विभाग सांभाळता येईल." आता काय बोलावं!

आई, तुला सगळं सांगते. स्तेफा, मोठ्याने वाच गं.

डायरेक्टरांची बायको मोठी तोऱ्याची. येताना स्वतःचा बिगोस डब्यात घेऊन आली, म्हणजे बघ! म्हणाली, "बिगोस सगळ्यांचा सारखाच लागतो हो, तुम्ही उगाच आईचं कौतुक सांगता." मी म्हटलं, बांधा माझे डोळे. खरंच बांधले! झेनोनने रुमाल घट्ट आवळला. तीन बशा मांडल्या. एक तिचा, एक शेजारणीचा, एक तुझा. पहिला घास, नाही. दुसरा, नाही. तिसरा तोंडात घातला आणि आई, शपथेवर सांगते, तू माझ्या तोंडात आलीस. आपलं स्वयंपाकघर, ती ओली लाकडं, तुझा तो फाटका एप्रन, सगळं. मला रडूच आलं. रुमाल भिजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डायरेक्टरांनी पातेलं पावाने पुसून खाल्लं. मग ग्रामोफोन लावला आणि नाचलो. नाताळआधीचा उपवासकाळ आहे, नाचायचं नसतं, माहीत आहे, पण एक दिवस देव पण कानाडोळा करतो.

एक बरणी मी कपाटात लपवून ठेवलीय. ती कोणाला नाही, माझी.

आता आनंदाची बातमी. आम्ही नाताळला येतोय! चोवीसच्या दुपारच्या गाडीने. संत्री आणतेय आईला, बंदरात बोट लागलीय. मी ऑक्टोबरात आले नाही म्हणून रुसली असशील ना आई? आले की तुझ्या पायाशी बसते, मार हव्या तेवढ्या चापट्या.

डायरेक्टरांच्या बायकोला कृती हवीय. नाक घासत मागितलीन! स्तेफा, आईला विचारून लिहून पाठव, बारीकसारीक सगळं. आणि बघ, तू लाकडं घातलीस तर केवढा छान झाला! ज्याचं काम त्यानेच करावं.

सर्वांना गोड पापा,
लोजा


ओल्शांका,
१६ डिसेंबर १९६३

लोजा,

कृती मागितलीस. बारीकसारीक सगळं, म्हणालीस. देते.

आधी कोबी. सव्वीस ऑक्टोबरला बायका चिरून गेल्या, वात्सेक जंगलात लाकडाच्या कामावर होता. मी पाय धुतले, तीन वेळा, आणि पिंपात उतरले. अठरा वर्षांनी. थंड असतो चिरलेला कोबी, मीठ भेगांना झोंबतं. तुडवायला लागले तशी आतून तुझ्या आईने हाक मारली, "लोजा, आलीस?" मी तुडवतच राहिले. "लोजा, टाचेने दाब गं, बोटांनी नको." मी टाचेने दाबलं. तासभर ती मला तुझ्या नावाने शिकवत होती. कशी शिकवत होती म्हणून सांगू! मी लग्न होऊन आले तेव्हा मला अशी शिकवली असती तर मी तिचे पाय धुऊन पाणी प्यायले असते. मग तुडवून झालं. मी आत गेले तेव्हा तिने माझे ओले पाय बघितले आणि भिंतीकडे तोंड केलं.

पिंपावर तुझाच दगड ठेवला. या वेळी कोणी काढला नाही, म्हणून कोबी नासला नाही. पांढरा, कुरकुरीत, डोळ्यांत पाणी आणणारा आंबट. एवढीच त्याची कला आहे. दगड जागेवर लागतो.

मी तिला एकही शब्द खोटा सांगितला नाही, हे लक्षात ठेव. रोज विचारायची, लोजा येणार का. मी तुझं पत्र काढून वाचायचे. "घराला रंग काढलाय, पडदे शिवायला टाकलेत." पुन्हा विचारायची, पुन्हा वाचायचे. "आई दर ऑक्टोबरात मरायला टेकते." दगडाच्या गोष्टीला हसली होती ना? या वाक्याला हसली नाही. दुसऱ्या वेळी वाचलं तेव्हा म्हणाली, "एवढं सोड." मी म्हटलं, आई, तुम्हीच सांगता ना, लिहिलंय तसंच वाच.

खोटं मी तुला लिहिलं, ती बरी आहे म्हणून. आणि वात्सेकला सांगितलं. ते पुढे येईल.

मग मांस. नाताळासाठी राखलेलं डुक्कर वात्सेकने चोवीस नोव्हेंबरला कापलं, कारण सव्वीसला गाव जेवायला येणार होता. तुझी आई तेवीसला गेली. शनिवार होता, चर्चची दुपारची घंटा वाजत होती. शेवटचे दोन दिवस बोलली नाही, दाराकडे बघत होती. मी दार लावलं नाही. थंडी येत होती, पण उघडंच ठेवलं, बघू दे म्हटलं.

खांद्याचं मांस ताजं, बरगडीचं मागच्या वर्षीचं धुरी दिलेलं. चरबी सुटेपर्यंत बिडाच्या पातेल्यात तापवायचं, त्यातच कांदा. वात्सेकने मला गावच्या पोस्टात पाठवलं, तुला तार करायला. मी गेले, काचेपाशी रांगेत उभी राहिले, माझा नंबर आला तेव्हा एक तिकीट घेतलं आणि परत आले. त्याला सांगितलं, तार केली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, उत्तर आलं, पाहुणे आहेत, जमणार नाही. वात्सेक अंगणात जाऊन थुंकला. त्यानंतर त्याने तुझं नाव काढलेलं नाही.

मग कोबी घालायचा, फार आंबट असेल तर एकदा पाण्यातून काढून. भिजवलेल्या अळंब्या त्यांच्या पाण्यासकट. तमालपत्र, मिरी, आलुबुखार सात. झाकण ठेवून मंद आचेवर. ती पुढच्या खोलीत तुझे लाल मोजे घालून निजली होती, चार मेणबत्त्या होत्या, बायका जपमाळ म्हणत होत्या आणि मी इकडे ढवळत होते. चमचा माझ्याच हातात होता. लाकडंही मीच घातली. तीन दिवस शिजवला, तीन दिवस थंड केला. सव्वीसला तिला पुरून आल्यावर सगळ्यांना वाढला. सहा बरण्या तुझ्यासाठी आधीच काढल्या होत्या, तेवढं खरं लिहिलं होतं. मयताच्या जेवणातला वाटा मुलीला पोचला पाहिजे.

तो तू वाढलास डायरेक्टरांना. त्यावर नाचलीस.

डोळे बांधून ओळखीन म्हणालीस. आई तोंडात आली म्हणालीस. तोंडात मी आले, लोजा. ज्या पायांना गावाने अठरा वर्षं नावं ठेवली तेच पाय तुला गोड लागले, टाळ्या मिळाल्या तुला त्यांच्यावर. शेवटच्या पत्राखालची फुलीही मीच मारली. तीही तू ओळखली नाहीस.

मला बरं वाटतंय. नंतर वाईट वाटेल असं धरून चाललेय, अजून वाटलेलं नाही.

चोवीसला यायचं तर ये. नाताळच्या जेवणाला एक ताट वाटसरूसाठी जास्तीचं मांडायचं असतं. वात्सेक म्हणतो, यंदा ते मांडू नकोस, कोण येईल सांगता येत नाही. त्याला खरं काय ते तू सांगशील, म्हणून मी आधीच त्याला दगडाची गोष्ट सांगितलीय. आता तुझ्या तोंडावर तो विश्वास ठेवणार नाही. हे पत्र दाखव हवं तर. पण माझ्या नवऱ्याला सहीपलीकडे अक्षर येत नाही. वाचून दाखवायचं काम या घरात माझंच आहे.

मीठ चवीप्रमाणे.

स्तेफा


श्चेचिन,
२० डिसेंबर १९६३

वहिनी,

तुमचं पत्र काल आलं. झेनोनला दाखवलं नाही. तो डायरेक्टरांच्या बायकोला सांगून बसलाय की कृती आली.

कपाटातली बरणी काढली. उभ्याउभ्याच खाल्ली, थंड, बरणीतूनच. आधी अर्धी खाल्ली, मग थांबले, तोंड धुतलं, पाणी प्यायले आणि पुन्हा चाखली. मग डोळे मिटून चाखली.

तुम्ही खोटं लिहिता. हा आईच्याच हातचा आहे. मला कळत नाही का? माझा जन्म गेला तिच्या हातचं खाण्यात. तुम्हाला राग आला दगडाचा, तो येणारच, मी माफी मागते, गुडघ्यावर बसून मागते, गावासमोर चर्चच्या दारात मागते. पण असं काहीबाही लिहू नये माणसाने. तुमचा हात असा नाही. तुमचा हात मला माहीत आहे.

आम्ही चोवीसला येतोच आहोत. संत्री घेतलीत. वात्सेकला म्हणावं, स्टेशनवर घोडागाडी घेऊन ये, आणि आईला उशा लावून बसवून ठेवा.

फक्त आम्ही निघायच्या आधी एवढं करा, वहिनी. एका कागदावर आईची फुली घ्या आणि लगेच पाठवा. बाकी काही लिहू नका. मला तिची फुली ओळखता येते.

लोजा